तारखेचे स्थानमूल्य

शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकाच्या नोंदी संगणकात साठवायच्या आहेत आणि दर दिवसाची एक फाइल करायची आहे, असे समजू. नावे देताना आपण सहजच आपल्या रोजच्या पद्धतीने तारीख लिहू: 'पाऊस-१२-६-९६', 'पाऊस-२-६-९७', 'पाऊस-१०-६-९७', 'पाऊस-१-७-९७'. आता संगणकाला या चार फाइली क्रमाने लावायला सांगितल्या, तर तो असा क्रम लावतो:

पाऊस-१-७-९७
पाऊस-१०-६-९७
पाऊस-१२-६-९६
पाऊस-२-६-९७

सर्वांत आधीची, म्हणजे १९९६ सालची फाइल तिसऱ्या स्थानावर गेली आणि सर्वांत शेवटची फाइल पहिली आली. यात संगणकाचे काही चुकलेले नाही. शब्दकोशात शब्द लावतात तसाच त्याने हा क्रम लावला आहे. डावीकडून एकेक अक्षर पाहायचे, जेथे फरक पडेल तेथे निर्णय घ्यायचा आणि पुढचे काहीही पाहायचे नाही. काही नव्या आज्ञावल्या नावातील आकडे संख्या म्हणून ओळखतात आणि २ ला १० च्या आधी ठेवतात. परंतु त्यामुळेही महिना आणि वर्ष यांचा घोटाळा सुटत नाही, कारण आपण सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा, म्हणजे दिवस, सर्वांत आधी लिहिला आहे.

उपाय आपल्या दशमान पद्धतीतच दडलेला आहे. ३४७ ही संख्या लिहिताना आपण शतक आधी, मग दशक आणि शेवटी एकक लिहितो. सर्वांत मोठे स्थानमूल्य डावीकडे असते. त्यामुळे समान आकडी संख्यांमधली मोठी कोणती, हे डावीकडून पाहत गेल्यास लगेच कळते. तारीखही अशीच लिहिली, म्हणजे वर्ष, मग महिना, मग दिवस, तर अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. अट एकच: प्रत्येक घटकाची लांबी ठरलेली हवी. म्हणून जून हा '६' नव्हे तर '०६' आणि वर्ष चार आकडी. मग वरील फाइली 'पाऊस-१९९६-०६-१२', 'पाऊस-१९९७-०६-०२', 'पाऊस-१९९७-०६-१०', 'पाऊस-१९९७-०७-०१' अशा आपोआप ओळीने उभ्या राहतात.

एवढी साधी गोष्ट, पण ती संगणकाच्या जगात रुळायला बराच काळ लागला. त्या वाटचालीचा हा धावता आढावा आहे.

कागदाच्या जमान्यातील अडचण

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. तो कागदपत्रे सांभाळणाऱ्या प्रत्येकाला पडलेला आहे. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक हा त्रास चांगलाच ओळखतात. पेशवेकालीन पत्रांवर पुष्कळदा चांद्र महिना आणि दिवस असतो, पण वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते वर्ष ठाऊकच होते, मग लिहायचे कशाला! गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध झाले. अशा पत्रांची वर्षे ठरवताना मजकुरातील मोहिमा, माणसे आणि मुक्काम यांवरून अनुमान करावे लागते. एका आकड्याचा आळस पुढच्या पिढ्यांच्या माथी असा येतो.

वर्ष असते तेव्हाही गंमत असते. शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. पानिपतच्या लढाईचे वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ' असे लिहिलेले आढळते. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, एकूण ११६१. हा सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो. म्हणून इसवी सन काढण्यासाठी डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावे लागतात. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, हे गणित जुळते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की एकक आधी आणि हजार शेवटी आहे. अशी पत्रे शब्दांच्या अक्षरक्रमाने लावली, तर 'इहिदे' ने सुरू होणारी सारी वर्षे एकत्र येतील, मग त्यांत दहादहा वर्षांचे अंतर का असेना. आपल्या पावसाच्या फाइलींचे नेमके हेच झाले होते.

खगोलशास्त्रज्ञांना तर शेकडो वर्षांच्या निरीक्षणांची वजाबाकी करावी लागते. त्यांनी यावर दोन उपाय काढले. पहिला, वर्ष, महिना, दिवस असा उतरता क्रम वापरण्याचा. दुसरा, महिने आणि वर्षे सोडून देऊन सरळ दिवसच मोजण्याचा. जोसेफ स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ मध्ये इसवी सनापूर्वी ४७१३ या वर्षापासून सुरू होणारे कालचक्र मांडले. त्याच्या आधारे सलग दिवस मोजण्याची पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४९ मध्ये खगोलशास्त्रासाठी पुढे आणली. यालाच ज्युलियन दिनांक म्हणतात. १ जानेवारी २००० च्या मध्यान्ही तो २४५१५४५ होता. यंत्राच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम. पण हा आकडा पाहून पावसाळा होता की हिवाळा, हे माणसाला सांगता येत नाही. यंत्राला सोपे आणि माणसालाही वाचता येईल असे काही शोधणे, हाच पुढच्या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

घड्याळाचे सेकंद

युनिक्स ही कार्यप्रणाली बेल प्रयोगशाळेत घडली. नोव्हेंबर १९७१ मध्ये तिची पहिली माहितीपुस्तिका निघाली, तेव्हाच तीत तारीख सांगणारी आज्ञा होती. त्या वेळी यंत्र १ जानेवारी १९७१ पासून सेकंदाचे साठावे भाग मोजत असे. मोजणी ३२ द्विमान अंकांत ठेवली जाई. त्यात ४२९ कोटींहून थोडे अधिक आकडे मावतात. त्यांना ६० ने भागले, की सुमारे ७.१६ कोटी सेकंद होतात. म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षे! आरंभबिंदू पुढे ढकलत राहण्याऐवजी अखेर पूर्ण सेकंद मोजायचे ठरले आणि आरंभ १ जानेवारी १९७० हा झाला. तोच अद्याप चालू आहे.

हे सेकंद फाइलीच्या नावात घातले तर? काही आज्ञावल्या तसे करतही. परंतु ९ सप्टेंबर २००१ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ७ वाजून १६ मिनिटे ४० सेकंदांनी, हा आकडा नऊ अंकांवरून दहा अंकांवर गेला. ९९९९९९९९९ नंतर १०००००००००. अक्षरक्रमाने पाहिले तर दुसरा आकडा आधी येतो, कारण १ हा ९ च्या आधी आहे. लांबी ठरलेली हवी या अटीचे महत्त्व याहून चांगल्या रीतीने समजावता येणार नाही. असाच आणखी एक क्षण पुढे आहे. ज्या यंत्रणा हे सेकंद अजूनही चिन्हासह ३२ द्विमान अंकांत ठेवतात, त्यांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल.

फाइल शेवटची कधी बदलली याची वेळ युनिक्स फाइलीच्या बरोबर ठेवते. मग नावात तारीख कशाला, असा प्रश्न वाचक विचारतील. कारण असे, की ती वेळ घटनेची नसून फाइलीची असते. जून महिन्याच्या नोंदीतील एक शब्द सप्टेंबरात दुरुस्त केला, की ती फाइल सप्टेंबरची होते. साध्या नकलेनेही पुष्कळदा नवी वेळ चिकटते. नाव मात्र फाइलीबरोबर सर्वत्र जाते, तबकडीवरून तबकडीवर, एका कार्यप्रणालीतून दुसरीत. म्हणून महत्त्वाची तारीख नावात लिहिण्याची सवय पडली.

आठ अक्षरांची तंगी

पण नावात जागा तर हवी! गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या कार्यप्रणालीत फाइलीच्या नावाला आठ अक्षरे आणि प्रकार सांगायला तीन अक्षरे एवढीच मुभा होती. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत फाइलीसोबत तारीख ठेवण्याची सोयही नव्हती. हीच आठ-तीनची मर्यादा १९८१ मध्ये आलेल्या डॉसने उचलली. आता हिशेब करा. चार आकडी वर्ष, दोन आकडी महिना आणि दोन आकडी दिवस मिळून बरोबर आठ अक्षरे होतात. नावाला जागाच उरत नाही. साहजिकच वर्षाचे पहिले दोन आकडे छाटले गेले आणि उरलेल्या दोन अक्षरांत कामाची खूण बसवली गेली. दोन आकडी वर्षाची सवय जुन्या छिद्रपत्रांच्या ८० रकान्यांपासूनची होती. आठ अक्षरांच्या नावाने ती घरोघरीच्या संगणकात आणली.

यातील विरोधाभास असा, की डॉस स्वतः तबकडीवर तारीख लिहिताना शिस्तीत लिहीत असे. सोळा द्विमान अंकांपैकी डावीकडचे सात वर्षासाठी, मधले चार महिन्यासाठी आणि उजवीकडचे पाच दिवसासाठी. वर्ष १९८० पासून मोजायचे. म्हणजे १५ ऑगस्ट १९९७ ही तारीख १७ × ५१२ + ८ × ३२ + १५ = ८९७५ अशी साठवली जाते. नंतरच्या तारखेचा आकडा नेहमी मोठाच येतो. स्थानमूल्याचा नियम यंत्राच्या पोटात पाळला जात होता. तो सुटला होता माणसाने दिलेल्या नावात.

पुढे ही तंगी संपली. युनिक्सची चौदा अक्षरांची मर्यादा बर्कले विद्यापीठाच्या १९८३ च्या आवृत्तीत २५५ वर गेली आणि १९९५ च्या विंडोजने डॉसच्या वापरकर्त्यांनाही लांब नावे दिली. मात्र एक बंधन राहिले. आपण तारखेत वापरतो ती तिरपी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही, कारण युनिक्समध्ये ती कप्पे वेगळे करणारी खूण आहे आणि विंडोजमध्येही ती वर्ज्य आहे. वेळेतील अपूर्णविरामही विंडोजला चालत नाही. म्हणून आडव्या रेघेला पर्याय नव्हता.

प्रमाण ठरले

'०३-०४-९७' म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. देशोदेशींच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे, तर हा घोळ मिटवणे भाग होते. आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेने १९७६ मध्ये आकड्यांतील तारखेचे प्रमाण दिले आणि १९८८ मध्ये तारीख व वेळ यांची निरनिराळी प्रमाणे एकत्र करून आयएसओ ८६०१ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात चार आकडी वर्ष, मग दोन आकडी महिना आणि दोन आकडी दिवस असा उतरता क्रम आहे. हा क्रम कोणत्याच एका देशाचा म्हणून लादला गेला नाही. पूर्व आशियात तो आधीपासून रूढ होता आणि त्यामागे गणिताचा आधार होता. भारतातही आयएस ७९०० हे तारखेविषयीचे भारतीय प्रमाण आहे.

प्रमाण झाले तरी सवयी लगेच बदलत नाहीत. खगोलशास्त्रज्ञ आपली छायाचित्रे 'फिट्स' नावाच्या साच्यात साठवतात. त्यात निरीक्षणाची तारीख आरंभी दिवस, महिना आणि दोन आकडी वर्ष अशी लिहीत. १९९७ मध्ये, म्हणजे शतक संपायला तीनच वर्षे असताना, ती बदलून चार आकडी वर्षाने सुरू होणारी करण्यात आली. ज्यांच्या पूर्वसूरींनी दिवस मोजायची पद्धत घालून दिली, तेही या सापळ्यातून सुटले नव्हते.

आज्ञावल्यांनी दिलेली नावे

रोज हाताने तारीख लिहिणे कंटाळवाणे आणि चुकांना आमंत्रण देणारे. हे काम छोट्या आज्ञावल्यांकडे, म्हणजे ज्यांना आपण 'स्क्रिप्ट' म्हणतो त्यांच्याकडे गेले. युनिक्सचे 'शेल', १९७७ मधील 'ऑक', १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी लिहिलेली 'पर्ल' आणि १९९१ मध्ये खिदो फान रोस्सुम यांनी लोकांसमोर ठेवलेली 'पायथन' या भाषा अशाच कामांसाठी सोयीच्या ठरल्या. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात तारीख हव्या त्या रूपात मांडणारे एक साधन आले. वर्ष चार आकडी हवे की दोन आकडी, हे त्यात एका अक्षराने ठरते: मोठ्या लिपीतील 'वाय' म्हणजे चार आकडी, लहान लिपीतील म्हणजे दोन आकडी. पुढच्या बहुतेक भाषांनी हीच खूण घेतली.

पण सी भाषेकडून एक खोडही आली. तीत वर्ष १९०० पासून मोजून देतात आणि महिने शून्यापासून. १९९७ साठी ९७ मिळे, त्यामुळे पुष्कळांना वाटले की हे वर्षाचे शेवटचे दोन आकडे आहेत. त्यांनी समोर '१९' चिकटवले आणि काम भागले. पर्लमध्ये तर हे सर्रास होई. १ जानेवारी २००० रोजी ते मूल्य १०० झाले आणि आज्ञावल्यांनी वर्ष छापले १९१००! ज्या संस्थेकडे अमेरिकेच्या प्रमाणवेळेची जबाबदारी आहे, त्या नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावरही त्या दिवशी हेच साल झळकले. रॉबर्ट बेमर यांनी दोन आकडी वर्षाच्या धोक्याकडे १९७१ पासूनच लक्ष वेधले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

विंडोजच्या आज्ञांमध्ये तारीख मागितली तर ती त्या यंत्राच्या प्रादेशिक मांडणीप्रमाणे मिळते. भारतीय मांडणीच्या यंत्रावर तयार केलेली आज्ञावली अमेरिकी मांडणीच्या यंत्रावर नेली, की दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत तर कोणाला शंकाही येत नाही. म्हणून घटक नावाने मागावेत, अमुक जागेवरची दोन अक्षरे कापून घेऊ नयेत, हा अनुभवातून आलेला नियम आहे.

तारीख कशाची?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. क्रम ठरला, शून्ये लावली, तरी तारीख नेमकी कशाची, हे ठरवावेच लागते.

२६ जुलै २००५ हा मुंबईच्या महापुराचा दिवस सर्वांच्या स्मरणात आहे. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. भारतीय हवामान खात्याची पावसाची नोंद रोज सकाळी साडेआठला होते आणि ती मागील २४ तासांची असते. त्यामुळे हा ९४४ मिलिमीटर पाऊस २७ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांचा आहे आणि दैनिक नोंदीत तो २७ तारखेच्या नावे येतो, जरी बहुतेक पाऊस २६ च्या दुपारनंतर पडला. हा संकेत ठाऊक नसलेला विद्यार्थी २६ तारखेची नोंद उघडेल आणि महापूर त्याला सापडणारच नाही!

यात घड्याळाचीही भर पडते. अनेक यंत्रे जागतिक प्रमाणवेळ पाळतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत अशा यंत्राने नावात घातलेली तारीख आपल्या दृष्टीने कालची असते. तेव्हा नाव लांबवण्यापेक्षा, प्रत्येक कप्प्यात 'वाचा' अशा नावाची एक छोटी फाइल ठेवावी आणि तीत लिहावे: तारीख मोजणी संपल्याची आहे, वेळ भारतीय आहे, एकक मिलिमीटर आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

जुन्या फाइलींची नावे सुधारणारी आज्ञावली विद्यार्थी कोणत्याही भाषेत लिहू शकतात. तिचे टप्पे असे:

१. 'पाऊस' ने सुरू होणाऱ्या फाइलींची यादी घ्या.
२. प्रत्येक नावातून दिवस, महिना, वर्ष हे तीन आकडे वेगळे करा.
३. एक आकडी दिवस आणि महिना यांना आधी शून्य लावा.
४. वर्ष दोन आकडी असेल तर शतक ठरवा. एक रूढ संकेत असा, की ६९ ते ९९ म्हणजे एकोणीसशे आणि ०० ते ६८ म्हणजे दोन हजार. आपल्या नोंदींना तो लागू पडतो का, हे आधी पाहा.
५. नवे नाव जुळवा. त्या नावाची फाइल आधीच असेल तर थांबा. नसेल तरच नाव बदला.

पाचवा टप्पा कधीही वगळू नये. 'पाऊस-२-६-९७' आणि 'पाऊस-०२-०६-९७' अशा दोन फाइली असतील, तर दोघींचे नवे नाव एकच होईल. युनिक्सची नाव बदलणारी आज्ञा अशा वेळी न विचारता जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी ठेवू शकते. म्हणून प्रथम नुसती यादी छापून पाहावी, नक्कल काढून ठेवावी आणि मगच नावे बदलावीत.

देवनागरी आकड्यांबद्दलही एक प्रयोग करता येईल. युनिकोडमध्ये ० ते ९ हे आपले आकडे ओळीने बसवलेले आहेत. म्हणून केवळ देवनागरी आकड्यांची नावे योग्य क्रमाने लागतात. पण काही नावांत देवनागरी आणि काहींत इंग्रजी आकडे असतील, तर निव्वळ संकेतांकांनुसार लावलेल्या क्रमात इंग्रजी आकड्यांच्या सर्व फाइली आधी येतात, मग साल कोणतेही असो. कोणतीही एक लिपी निवडावी आणि तिला चिकटून राहावे.

शाळेतील पर्जन्यमापकाची दहा-वीस वर्षांची सलग नोंद ही त्या गावापुरती अमोल गोष्ट असते. ती लिहिणारे विद्यार्थी शाळा सोडून जातात, शिक्षकांच्या बदल्या होतात, संगणकही बदलतात. नंतर येणाऱ्याला विचारायला कोणी उरत नाही. त्याच्या हाती फक्त फाइलींची नावे असतात. तीन घटक योग्य क्रमाने लिहायला काही सेकंद लागतात. ते न लिहिल्यास काय होते, हे वर्ष नसलेली जुनी पत्रे घेऊन बसलेल्या इतिहासकारांनी आपल्याला दाखवून दिलेलेच आहे.